संगीतातील आधुनिकतावादी प्रयोग: इतर कलांनी त्यांतून नेमके काय घेतले?

मला विचारलेला प्रश्न असा आहे: विसाव्या शतकातील आधुनिकतावादी संगीत आवडीने ऐकणारे लोक मूठभर असताना चित्रकला, नृत्य, चित्रपट आणि वास्तुकला यांवर त्याचा मोठा प्रभाव पडला असे जे सतत लिहिले जाते, त्यात तथ्य किती आणि समीक्षकांनी हौसेने जुळवलेली साम्ये किती? आणि प्रभाव खरोखर पडला असेल, तर एका कलेतून दुसऱ्या कलेत नेमके काय गेले? मी पियानोवादक आहे. गेली तीस वर्षे मुख्यतः हेच संगीत वाजवत आलो आहे आणि त्यांतला बराच काळ नर्तकांच्या तालमींत गेला आहे. त्यामुळे माझे उत्तर इतिहासकाराच्या उत्तराइतके सर्वसमावेशक नसेल. वाजवताना आणि मोजताना जे ध्यानात आले, त्याच्याच आधाराने मी ते देतो.

प्रभाव खरा आहे असे माझे मत आहे, पण तो कानावाटे फार थोडा गेला. चित्रकाराने एखादी नवी रचना ऐकली, तो भारावून गेला आणि त्याने तिचे चित्र काढले, अशी उदाहरणे आहेत. मात्र ती मोजकीच आहेत. वेळ कसा मोजायचा, सूचना कशी लिहायची, निवड कोणाच्या हाती सोपवायची, यासंबंधी संगीतकारांनी ज्या युक्त्या काढल्या, त्या मात्र इतर कलांनी जवळजवळ जशाच्या तशा उचलल्या, आणि ज्यांना ते संगीत दोन मिनिटे ऐकवले नसते, अशांनीही त्या वापरल्या.

असे का झाले हे समजण्यासाठी संगीतात मुळात काय मोडले ते पाहावे लागते. पाश्चात्त्य संगीतात साधारण सतराव्या शतकापासून रचना एका आधारस्वराभोवती बांधली जात असे. आपल्याकडच्या षड्जासारख्या त्या स्वरापासून रचना दूर जाते, वाटेत ताण वाढत जातो आणि ती परत आली की प्रवास पुरा झाल्याचे ऐकणाऱ्याला कळते. त्यासाठी त्याला शास्त्राचा गंधही असावा लागत नाही. हा आधार केवळ गोडव्यासाठी नव्हता. पाऊण तासाची सिंफनी त्याच्याच जोरावर उभी राहत असे. १९०८ मध्ये व्हिएन्नात आर्नोल्ड शोएनबर्गने तो आधार सोडला, तेव्हा कर्कश स्वरांवरून गदारोळ झाला खरा, पण रचनाकारापुढचा पेच निराळाच होता: आता रचना किती वेळ चालवायची आणि कुठे थांबवायची, हे ठरवायचे कशावरून? शोएनबर्गने पहिला टेकू घेतला तो कवितेचा. त्याच्या दुसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटच्या शेवटच्या दोन भागांत चार तंतुवाद्यांच्या जोडीला एक गायिका येते आणि श्टेफान गेओर्गेच्या कविता गाते. संगीताची घडण त्या कवितांच्या आधाराने उभी राहते. कवितेनंतर आकड्यांचा टेकू आला, मग ठरावीक स्वरक्रमाचा, मग घड्याळाचा, नाणेफेकीचा, आलेखाचा. यांतील एकही गोष्ट स्वभावतः नादमय नाही. नाणेफेकीत किंवा आलेखात स्वर कुठेच नसतो, आणि म्हणूनच नर्तकाला किंवा चित्रपट करणाऱ्याला ती पद्धत काखोटीला मारून नेता आली.

कानावाटे पडलेल्या प्रभावाचे सर्वांत पक्के उदाहरण आधी पाहू. जानेवारी १९११ मध्ये म्युनिकमध्ये शोएनबर्गच्या रचनांची एक मैफल झाली. तीत वर उल्लेखिलेला क्वार्टेट होता आणि ओपस ११ (म्हणजे त्याची अकराव्या क्रमांकाची कृती) मधल्या पियानोच्या तीन रचनाही होत्या. श्रोत्यांत वासिली कँडिन्स्की आणि फ्रान्झ मार्क हे चित्रकार होते. कँडिन्स्कीने त्या मैफलीची रेखाटने केली आणि लगोलग 'इम्प्रेशन ३ (मैफल)' हे चित्र रंगवले, जे आज म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयात आहे. त्यात पियानोच्या उघडलेल्या झाकणाचा काळा आकार आहे, डावीकडे पुढे झुकलेले श्रोते आहेत आणि उरलेल्या जागेत पिवळा रंग असा पसरला आहे की, तो पियानोतून बाहेर सांडल्यासारखा वाटतो. त्याच महिन्यात त्याने शोएनबर्गला पत्र लिहिले. स्वर आपापल्या वाटेने स्वतंत्रपणे जातात आणि नेमके हेच आपण चित्रात शोधत आहोत, असा त्या पत्राचा आशय होता. हे वाक्य मला त्या चित्रापेक्षाही महत्त्वाचे वाटते. ओपस ११ वाजवताना दोन्ही हातांना खरोखरच एकमेकांशी जुळवून घ्यावे लागत नाही. डावा हात उजव्याची साथ करत नाही. कँडिन्स्कीने ते ऐकले आणि रेषेने आकाराची चाकरी करण्याची गरज नाही, रंगाने वस्तूची चाकरी करण्याची गरज नाही, असे त्यातून काढले. तो त्या दिशेने आधीच निघालेला होता, त्यामुळे अमूर्त चित्रकला त्या एका संध्याकाळी जन्मली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, त्याने आणि मार्कने काढलेल्या 'ब्लाउअ राइटर' या वार्षिकात शोएनबर्गचा लेख होता, त्याच्या आणि त्याच्या शिष्यांच्या गाण्यांचे स्कोअर (वादक-गायकांसाठी लिहिलेल्या स्वरलिपी) होते आणि खुद्द शोएनबर्गने काढलेल्या चित्रांनाही जागा मिळाली होती.

इथे एक सावधगिरीची सूचना देणे भाग आहे. अमूर्त चित्रांना संगीतमय म्हणण्याची जी सवय पडली आहे, तिच्यामागे बहुतेक वेळा आधुनिकतावादी संगीत नसते, जुने संगीत असते. फ्रान्तिशेक कुप्काने १९१२ मध्ये दोन रंगांतला 'फ्यूग' रंगवला, पॉल क्लेने १९२१ मध्ये 'लाल रंगातला फ्यूग' काढला, आणि फ्यूग, म्हणजे एकच स्वरवाक्य एकामागून एक निरनिराळ्या आवाजांत गुंफत नेणारी रचना, हा तर बाखच्या काळी पूर्णत्वाला पोहोचलेला प्रकार आहे. क्ले स्वतः उत्तम व्हायोलिन वाजवत असे आणि त्याची भक्ती होती ती बाख आणि मोझार्टवर. कुर्ट श्विटर्सने अर्थहीन ध्वनींची जी प्रदीर्घ कविता रचली, तिचा सांगाडाही सोनाटा या अभिजात वाद्यरचनेचाच होता. हे कलावंत आपल्या कलेत क्रांती करत होते आणि त्यासाठी दुसऱ्या कलेतली जुनी, भरवशाची घडण उसनी घेत होते. त्यांना आधुनिकतावादी संगीताच्या खात्यावर जमा करणे चूक आहे, आणि ती चूक मी चांगल्या पुस्तकांतही पाहिली आहे.

आता नृत्याकडे वळतो, कारण या क्षेत्रात मी प्रत्यक्ष घाम गाळला आहे. संगीतकार इगोर स्ट्राविन्स्कीच्या 'द राइट ऑफ स्प्रिंग' या बॅलेचा पहिला प्रयोग २९ मे १९१३ रोजी पॅरिसला झाला आणि प्रेक्षकांनी धुडगूस घातला, ही कथा सर्वांना ठाऊक असते. तिच्यात एक गोष्ट सहसा गाळली जाते. प्रेक्षक चिडले ते निदान तितकेच निजिन्स्कीच्या नृत्यरचनेवर: पावले आत वळवलेली, खांदे पडलेले, उड्या हवेत तरंगण्याऐवजी जमिनीवर आदळणाऱ्या. पुढच्याच वर्षी वाद्यवृंद-संचालक पिएर माँतोने हेच संगीत नृत्याविना सादर केले, तेव्हा श्रोत्यांनी स्ट्राविन्स्कीला खांद्यावर घेऊन मिरवले. म्हणजे कानांना जे वर्षभरात पचले, ते डोळ्यांना पचले नव्हते.

पण निजिन्स्कीने तसे नृत्य का बसवले? त्याचे उत्तर स्कोअरमध्ये आहे. प्रस्तावना संपल्यावर तंतुवाद्ये एकच दाट स्वरसमूह पुन्हा पुन्हा वाजवू लागतात. पहिल्या आठ मापांत (तालाच्या आठ खंडांत) असे ३२ सारखे ठोके आहेत, आणि प्रत्येक ठोक्याला गज वरून खालीच ओढायचा असतो. स्वर बदलत नाही, वेग बदलत नाही. बदलतो तो फक्त आघात, आणि आठ हॉर्न त्या आघातांवर तुटून पडतात. ठोके मोजत गेले तर आघात १०, १२, १८, २१, २५ आणि ३० या ठोक्यांवर येतात. म्हणजे गट पडतात ते ९, २, ६, ३, ४, ५, ३ असे. यात आवर्तन नाही, समेची चाहूल नाही. नर्तकाचे शरीर स्वभावतः समेवर विसावू पाहते, आणि इथे विसावायला जागाच ठेवलेली नाही. मी नर्तकांना हे शिकवतो तेव्हा आकडे भिंतीवर मोठे लिहून लावतो आणि पहिले दोन दिवस पियानोला हातही लावत नाही. नुसत्या टाळ्या आणि पाय. ऐकून नाचण्याचा प्रयत्न करणारे नर्तक चुकतात. मोजणारे चुकत नाहीत, पण मोजताना त्यांच्या चेहऱ्यावरचा अभिनय गळून पडतो, शरीराचे वजन खाली येते, आणि निजिन्स्कीला जे हवे होते ते, कोणी न सांगता, दिसू लागते. पहिल्या प्रयोगाच्या वेळी गोंधळात वाद्यवृंद ऐकू येईना, तेव्हा निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून आकडे ओरडत होता, असे उपस्थितांनी लिहून ठेवले आहे. त्याची रचना मोजक्या प्रयोगांनंतर बंद पडली आणि थेट १९८७ मध्ये अमेरिकेच्या जॉफ्री बॅलेने जुन्या टिपणांवरून ती पुन्हा उभी केली. मधल्या काळात आणि नंतरही अनेकांनी हे संगीत आपापल्या परीने बसवले. जर्मन नृत्यरचनाकार पिना बाउशने १९७५ मध्ये रंगमंचावर माती पसरून बसवले. त्या मातीत प्रत्येक पावलाला जो जोर लावावा लागतो, तो मला गजाच्या त्या ओढीचाच भाऊ वाटतो.

याच काळातल्या दुसऱ्या प्रयोगांबद्दल मी थोडक्यात आटोपतो. यंत्र आणि वेग यांचा गौरव करणाऱ्या इटालियन फ्युचरिस्ट गटातल्या लुइजी रुसोलोने १९१३ मध्ये गोंगाट हेच नवे संगीत असा जाहीरनामा काढला आणि गोंगाट करणारी यंत्रे बांधली. तो मुळात चित्रकार होता, म्हणजे इथे प्रवाह चित्रकलेकडून संगीताकडे वाहिला. १९१७ मधल्या 'पराद' या बॅलेत एरिक सातीच्या संगीतात टाइपरायटर आणि पिस्तूल होते आणि नेपथ्य पिकासोचे होते. त्यातल्या टाइपरायटरची कल्पना मात्र लेखक कॉक्तोची होती आणि सातीला ती फारशी रुचली नव्हती. या सगळ्यात गंमत पुष्कळ आहे, पण एका कलेने दुसरीच्या हाती दिलेले अवजार म्हणावे, असे त्यात थोडेच सापडते.

शोएनबर्गने १९२० च्या दशकात बारा स्वरांची पद्धत पक्की केली. सप्तकातले बाराही स्वर एका ठरावीक क्रमाने मांडायचे आणि तो क्रम पुरा होईपर्यंत कोणत्याही स्वराला झुकते माप द्यायचे नाही, हा तिचा गाभा. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑलिव्हिए मेसिआँने १९४९ मध्ये ३६ स्वर, २४ कालमाने, ७ ध्वनिपातळ्या आणि १२ प्रकारचे स्पर्श अशा तक्त्यावरून पियानोची एक रचना लिहिली, आणि तिच्यावरून प्रेरणा घेऊन तरुण पिएर बूलेझने ध्वनीचा प्रत्येक गुणधर्म क्रमात बांधण्याचा घाट घातला. ते वाजवणे म्हणजे प्रत्येक बोटाला निराळी आज्ञा पाळायला लावणे आहे, आणि मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, बूलेझच्या 'स्ट्रक्चर्स'चा पहिला भाग वाजवताना मला जेवढा आनंद झाला, तेवढा तो ऐकताना कधीच झाला नाही. चित्रकलेत 'सीरियल' हा शब्द नंतर फार सैल वापरला गेला. एकाच आकाराची वीस चित्रे काढली की तीही सीरियल. ही पद्धत खऱ्या अर्थाने रुजू शकेल अशी जागा चित्रपटात होती, कारण चित्रपटाची फ्रेम हे वेळेचे नेमके एकक आहे: सेकंदाला २४. ऑस्ट्रियाच्या पीटर कुबेल्काने १९६० मध्ये 'आर्नुल्फ राइनर' हा चित्रपट केला. त्यात फक्त चार गोष्टी आहेत: काळी फ्रेम, पांढरी फ्रेम, शांतता आणि सलग खरखर. एकूण ९,२१६ फ्रेम, म्हणजे ६ मिनिटे २४ सेकंद. त्या ५७६ फ्रेमचा एक, अशा १६ भागांत मांडलेल्या आहेत. तो पाहताना डोळे दुखतात, पण साधारण तिसऱ्या मिनिटाला मला तो पडद्यावर पाहत नसून स्कोअरसारखा वाचत असल्याचा भास झाला होता. कुबेल्का चित्रपटाच्या पट्ट्या भिंतीवर शेजारी शेजारी लावून दाखवत असे, आणि तशा लावल्या की तो चित्रपट नुसत्या डोळ्यांनीही मोजता येतो.

सर्वांत मोठी देवाणघेवाण झाली ती अमेरिकन संगीतकार जॉन केजच्या भोवती, आणि तिथे मला जरा रेंगाळावे लागेल. केजच्या संगीतातली पहिली मोठी युक्ती नृत्यानेच त्याच्या गळ्यात मारली होती. १९४० मध्ये सिअॅटलला सिव्हिला फोर्ट या नर्तकीसाठी त्याला तालवाद्यांचा ताफा हवा होता, पण रंगमंचावर आणि आजूबाजूला जागा एका पियानोपुरतीच होती. त्याने पियानोच्या तारांमध्ये खिळे, बोल्ट, रबराचे तुकडे असे काहीबाही अडकवून एकाच वाद्याचा ताफा केला. आजही 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' वाजवण्याआधी मला ४५ स्वरांच्या तारांमध्ये एकेक वस्तू, तार थांबवणाऱ्या गादीपासून (डॅम्परपासून) नेमक्या अंतरावर, बसवावी लागते. दोन-तीन तास जातात, आणि बोल्ट थोडासा सरकला तरी घंटेचा आवाज डब्याचा होतो. ही अडचणीतून निघालेली सोय होती, आणि तिच्यातून केज हे शिकला की आवाज ठरवणारा तो एकटा नाही.

१९५१ मध्ये चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गने संपूर्ण पांढऱ्या रंगाची चित्रे केली. त्यांच्यावर पडणाऱ्या सावल्या आणि धूळ हाच त्यांचा विषय होता. पुढच्या वर्षी, २९ ऑगस्ट १९५२ रोजी, न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळ पियानोवादक डेव्हिड ट्यूडरने केजची ४ मिनिटे ३३ सेकंदांची निःशब्द रचना सादर केली. पांढरी चित्रे आधी आली आणि निःशब्द रचना नंतर, हे केजने स्वतःच सांगून ठेवले आहे. लोक या रचनेची थट्टा करतात, पण तिच्या बांधणीकडे फारसे कोणी पाहत नाही. तिचे तीन भाग आहेत: ३३ सेकंद, २ मिनिटे ४० सेकंद आणि १ मिनिट २० सेकंद. ट्यूडर प्रत्येक भागाच्या सुरुवातीला पियानोचे झाकण बंद करत असे, संपताना उघडत असे, मध्ये घड्याळ पाहत असे आणि रिकाम्या मापांची पाने उलटत असे. मी ही रचना बरेचदा सादर केली आहे. पहिल्या भागात लोक हसतात किंवा खोकतात. दुसरा भाग लांब आहे. साधारण दीड मिनिटानंतर सभागृहाचा स्वतःचा आवाज वर येऊ लागतो, पंख्याचा, दिव्यांचा, बाहेरच्या वाहनांचा. तो येतो तो त्या कालमर्यादेमुळे. नुसते गप्प बसा म्हटले असते, तर तो आला नसता. आधारस्वर नाही, स्वरक्रम नाही, स्वरही नाहीत. उरले आहे ते फक्त घड्याळ आणि सूचना.

हे दोनच उरल्यावर ते कोणीही नेऊ शकत होता, आणि लोकांनी ते नेले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात केज न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये रचनेचा वर्ग घेत असे. त्या वर्गात बसलेल्यांत अॅलन कॅप्रो हा चित्रकार होता, जॉर्ज ब्रेख्ट हा रसायनतज्ज्ञ होता, जॅक्सन मॅक लो हा कवी होता. संगीतकार त्या मानाने कमीच होते. १९५९ मध्ये कॅप्रोने रूबेन गॅलरीत '१८ हॅपनिंग्ज इन ६ पार्ट्स' केले. प्लास्टिकच्या पडद्यांनी केलेल्या तीन खोल्या, प्रेक्षकांच्या हातात सूचनांचे कागद, घंटेच्या इशाऱ्यावर खोली बदलायची. त्याची संहिता नाटकापेक्षा स्कोअरच्या जास्त जवळची आहे: वेळ एका दिशेला, कृती दुसऱ्या. ब्रेख्टने तर एका कार्डावर मावतील एवढ्या रचना लिहिल्या. त्याच्या 'ड्रिप म्युझिक'मध्ये ठिबकणारे पाणी आणि ते ज्यात पडेल असे रिकामे भांडे यांची मांडणी करायची, एवढीच सूचना आहे. ती संगीत आहे, शिल्प आहे की कविता आहे, यावर वाद घालण्यात मी तरुणपणी बऱ्याच रात्री घालवल्या; आता मला तो वाद निरर्थक वाटतो.

या सूचना एका कलेतून दुसऱ्या कलेत कशा जातात, याचे माझे सर्वांत आवडते उदाहरण एका रेघेचे आहे. संगीतकार ला माँट यंगने १९६० मध्ये लिहिलेल्या एका रचनेत, एक सरळ रेघ काढा आणि तिच्यामागून जा, एवढीच सूचना आहे. ती त्याने रॉबर्ट मॉरिस या शिल्पकाराला अर्पण केली. १९६२ मध्ये जर्मनीतल्या वीसबाडेन येथे फ्लक्सस या प्रयोगशील कलावंतांच्या गटाच्या महोत्सवात नाम जून पाइक या कोरियन कलावंताने ती सादर केली: शाई आणि टोमॅटोच्या रसात डोके, हात आणि गळ्यातला टाय बुडवून त्याने जमिनीवर पसरलेल्या लांब कागदावर सरपटत रेघ ओढली. तो कागद आज वीसबाडेनच्या संग्रहालयात चित्र म्हणून आहे. सूचना संगीताची, सादरीकरण शरीराचे आणि उरलेली वस्तू चित्राची. पाइकचे विद्यापीठातले शिक्षणही लक्षात घेण्याजोगे आहे. टोकियोत त्याने प्रबंध लिहिला तो शोएनबर्गवर. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, वुपर्टालला त्याने पियानोंशेजारी बिघडवलेले टीव्ही संच मांडले, आणि ज्याला आज व्हिडिओ आर्ट म्हणतात त्याची सुरुवात त्या प्रदर्शनापासून मानली जाते. प्रदर्शनाच्या नावात 'संगीत' हा शब्द होता.

नृत्यातला वारसा अधिकच थेट आहे. नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम आणि केज यांनी ठरवले की संगीत आणि नृत्य एकाच वेळी घडेल, पण एकमेकांना टेकणार नाही. दोघांनी फक्त कालावधी ठरवायचा. नर्तक अनेकदा संगीत पहिल्यांदा ऐकत ते प्रयोगाच्या दिवशीच. या पद्धतीच्या एका प्रयोगात माझे स्टॉपवॉच बंद पडले आणि मी माझा दुसरा भाग अंदाजाने, पुष्कळ उशिरा सुरू केला. नर्तकांतल्या कोणाच्याही ते लक्षात आले नाही. मला तेव्हा ते फार लागले होते. इतकी वर्षे केलेल्या मेहनतीचा काही उपयोग आहे की नाही, असे वाटले. नंतर चित्रफीत पाहिली तेव्हा चूक मलाच दिसली: माझा उशिराचा पहिला स्वर आणि एका नर्तकीचे थांबणे असे जुळून आले होते की, मुद्दाम बसवूनही तसे जमले नसते, पण बाकी सगळा भाग शेवटच्या घंटेपूर्वी घाईने उरकल्यासारखा ऐकू येत होता. पद्धत सैल दिसते, तिच्यातले घड्याळ मात्र सैल नाही. कनिंगहॅमच्याच स्टुडिओत १९६० ते १९६२ या काळात रॉबर्ट डन या संगीतकाराने केजच्या वर्गाच्या धर्तीवर नर्तकांसाठी वर्ग घेतले. त्यांतून ६ जुलै १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या जडसन चर्चमध्ये जो कार्यक्रम झाला, तिथून चालणे, बसणे, वस्तू उचलणे यांनाही नृत्य मानणारी सगळी परंपरा निघाली. ती नाचणाऱ्यांतल्या अनेकांनी केजच्या रचना आवडीने ऐकल्या असतील असे मला वाटत नाही, आणि त्याची गरजही नव्हती.

वास्तुकलेत उदाहरण एकच, पण इतके नेमके की शंकेला जागा उरत नाही. यानिस झेनाकिस शिक्षणाने अभियंता होता आणि १९४७ पासून पॅरिसला वास्तुकार ल कॉर्ब्युझिएच्या कार्यालयात काम करत असे. १९५३-५४ मध्ये त्याने 'मेटास्टासिस' ही वाद्यवृंदाची रचना केली. तिच्यात ४६ तंतुवादक आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र ओळ आहे. अनेक ठिकाणी प्रत्येक जण एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर मींडेसारखा घसरत जातो, प्रत्येकाचा वेग निराळा. झेनाकिसने हा भाग आधी आलेखाच्या कागदावर काढला: आडवा अक्ष वेळेचा, उभा अक्ष स्वराच्या उंचीचा, आणि प्रत्येक वादक म्हणजे एक सरळ रेघ. इतक्या सरळ रेघा तिरक्या मांडल्या की त्यांच्या कडेने वक्र पृष्ठ तयार होते. पुढे १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनासाठी फिलिप्स कंपनीचा मंडप करण्याचे काम ल कॉर्ब्युझिएकडे आले, तेव्हा झेनाकिसने त्याच भूमितीने सरळ रेघांतून वळणाऱ्या काँक्रीटच्या भिंती उभ्या केल्या. आत साडेतीनशेहून अधिक ध्वनिक्षेपकांतून एडगार वारेझची सुमारे आठ मिनिटांची इलेक्ट्रॉनिक रचना वाजत असे. श्रेय कोणाचे यावरून दोघांत वाकडे आले, आणि प्रदर्शनानंतर मंडपही पाडला गेला. लियाँजवळच्या ला तूरेत मठातली काच मात्र आजही पाहता येते. तिथे काचेच्या उभ्या पट्ट्यांची रुंदी झेनाकिसने संगीतातल्या लयीच्या प्रमाणांनी दाट आणि विरळ होत जाईल अशी ठरवली.

चित्रपटांतल्या ध्वनीबद्दल मात्र माझ्या मनात थोडी अढी आहे. पिएर शेफेरने १९४८ मध्ये आगगाडीच्या आवाजांची मुद्रणे जोडून रचना केली, तेव्हा कोणताही आवाज कापून, उलटा करून, जोडून अर्थपूर्ण करता येतो हे कळले, आणि आज प्रत्येक ध्वनिसंकलक त्याच वाटेने जातो. ही देणगी मोठी आहे. पण पडद्यावर पोहोचलेल्या आधुनिकतावादी संगीताच्या वाट्याला दोनच भूमिका आल्या: अंतराळ आणि भीती. स्टॅनली कुब्रिकने १९६८ मध्ये '२००१: अ स्पेस ओडिसी'साठी मुद्दाम करवून घेतलेले संगीत बाजूला ठेवून जॉर्ज लिगेतीच्या आधीच लिहिलेल्या रचना वापरल्या आणि त्या लाखो लोकांनी तक्रार न करता ऐकल्या. तेव्हापासून त्यांतली 'अॅटमॉस्फेअर्स' वाजली की श्रोत्यांना अंतराळ दिसते. क्षिश्टोफ पेंडेरेत्स्कीने १९६० मध्ये ५२ तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या रचनेचे मूळ नाव होते '८ मिनिटे ३७ सेकंद'. पुढे ती हिरोशिमाच्या बळींना अर्पण झाली आणि त्या नावाने जगभर गेली. आता ती नुसत्या आवाजांची रचना म्हणून ऐकणे जवळजवळ अशक्य झाले आहे, आणि त्याबद्दल हळहळ वाटणारा मी कदाचित अल्पसंख्य असेन.

साहित्याबाबत फार सांगण्यासारखे नाही. शब्दाला अर्थ चिकटलेला असतो आणि तो क्रमाच्या किंवा नाणेफेकीच्या हाती सहज लागत नाही. मॅक लोच्या कविता हा अपवाद, आणि त्याही छापील पानापेक्षा मोठ्याने म्हटल्यावर अधिक खुलतात.

देणे एकतर्फी नव्हते, हे पांढऱ्या चित्रांच्या उदाहरणात आलेच आहे. संगीतकार अर्ल ब्राउनने 'डिसेंबर १९५२' या रचनेत एका पानावर फक्त लहानमोठ्या आडव्याउभ्या रेघा काढल्या, त्यामागे अलेक्झांडर काल्डरची हवेत हलणारी शिल्पे होती. हे पान मी विद्यार्थ्यांपुढे ठेवतो तेव्हा चित्रकलेचे विद्यार्थी ते लगेच वाचू लागतात आणि संगीताचे विद्यार्थी विचारतात की हे कुठल्या बाजूने धरायचे. ब्राउनचे उत्तर होते, कुठल्याही.

आपल्याला हे स्वतः पडताळून पाहायचे असेल, तर ऐकण्यापासून सुरुवात करू नये, असा माझा सल्ला आहे. 'मेटास्टासिस'चा आलेख आणि फिलिप्स मंडपाचे छायाचित्र शेजारी ठेवून आधी नीट पाहावे, मग ती रचना लावावी. सुमारे आठ मिनिटांची आहे. 'राइट'चे ते ३२ ठोके आधी स्वतः टेबलावर वाजवून पाहावेत, ९, २, ६, ३, ४, ५, ३ असे मोठ्याने मोजत, आणि मगच वाद्यवृंद ऐकावा. सहाच्या गटात बहुतेकांचा हात एक ठोका आधीच आपटतो.